तीन हिसके

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे आणि मला राग आलेला आहे. म्हाताऱ्यांचा राग लोक हसण्यावारी नेतात. तुम्ही तसं करू नका, आधी ऐकून घ्या.

मी कारखान्यात जन्मलो. तीन पेड एकमेकांत पिळून मला घट्ट केलं, तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. एका रंगाऱ्याने मला घरी नेलं. तो उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवायचा. गच्चीवरच्या खांबाला मी बांधलेला, माझ्या खालच्या टोकाला फळी आणि फळीवर रंगारी. पुढे त्याची लेक फळीवर बसू लागली आणि तो वर मला सांभाळू लागला. तो तिला चिमणी म्हणायचा. बावीस वर्षांची चिमणी, पण बापाला लेक मोठी दिसते कधी?

उंचावर वाऱ्यात हाक पोचत नाही, म्हणून बापलेक माझ्यामार्फत बोलत. एक हिसका म्हणजे खाली सोड, दोन म्हणजे थांब. वरून तीन हिसके आले, की 'मी धरलंय, भिऊ नकोस.'

रंगाऱ्याची एक रीत होती. रोज कामाआधी तो मला उघड्या तळहातातून हात-हातभर सरकवायचा आणि प्रत्येक हाताला एकच ओळ म्हणायचा, "देवा, तू बाप, लेकरू तुझ्या हाती." ओळ संपेपर्यंत बोटांना कळायचं, कुठे धागा सुटलाय, कुठे पेड सैल झालाय. वर्षानुवर्षं मी त्या तळहातांतून गेलो. मला फार आवडायचं ते.

मग एका इमारतीवर तो ठेकेदार भेटला. चिमणी त्याला म्हणाली, "साहेब, नवा दोर लागेल. हा थकलाय आता."

ठेकेदाराने आभाळाकडे बोट केलं. "वरच्यावर भरवसा नाही का तुमचा? तुझा बाप तर उठताबसता देवाचं नाव घेतो. याच दोरावर निघेल एवढी इमारत."

रंगारी सरळ मनाचा. दोर मागितला तर आपली श्रद्धा कमी ठरेल, असं त्याला वाटलं. "मी रोज तपासतोच," असं तो पुटपुटला. दोराला ना तळपाय ना मस्तक, तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोर द्यायचा ठेकेदाराने, आणि तो ढकलला देवावर!

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने सकाळपासून "आटपा, आटपा" लावलं. रंगाऱ्याने घाईत जिना चढता चढताच प्रार्थना म्हटली, पायरीला एक ओळ. गच्चीवर पोचला तेव्हा प्रार्थना संपली होती. सवयीने मनाला वाटलं, दोर तपासून झाला. माझ्या अंगावरून मात्र हात फिरलाच नव्हता. कठड्याच्या कडेने घासून मी एके जागी झिजलो होतो. ते सांगायला मला तोंड नव्हतं.

दुपारी माझा एक पेड तुटला. फळी हातभर खचली आणि तिरकी झाली. चिमणीने भिंतीवरच्या पाइपाला दोन्ही हातांनी मिठी मारली. तिची थरथर माझ्या अंगभर आली. "देवा, माझं काय चुकलं?" ती म्हणत होती. लहानपणी तिची आत्या सारखी सांगायची, देव बघतोय, देव शिक्षा करेल. बापाला हाक मारायच्या वेळी लेकीला शिक्षा आठवावी? त्या आत्याचाही मला राग आहे.

वर रंगारी कठड्यावर पालथा पडला. इमारतीचा वॉचमन धावत आला आणि रंगारी खाली जाऊ नये म्हणून त्याने त्याचे पाय धरून ठेवले. तुटल्या जागेच्या खाली हात घालून रंगाऱ्याने मला मनगटाला वेढा दिला आणि तीन हिसके दिले.

चिमणीला तो दिसत नव्हता. पाइप सोडल्याशिवाय तिला वर ओढता येत नव्हतं, आणि पाइप तर तिच्याच्याने सुटत नव्हता. पुन्हा तीन हिसके आले. मग तिने डोळे मिटले आणि हात सोडले.

दोघांनी तिला वर घेतलं. रंगाऱ्याचे तळहात सोलून निघाले होते.

"तुम्ही दिसत नव्हता, बाबा," ती म्हणाली, "पण हात तुमचा होता, ते कळलं."

तेवढ्यात ठेकेदार धापा टाकत आला. "बघा, देवाने तारलं की नाही! आता गाठ मारा आणि लागा कामाला."

"देव बाप आहे, साहेब," चिमणी म्हणाली. "बाप लेकराला झिजल्या दोराला टांगत नाही. गाठ मारायची तर फळीवर तुम्ही बसा."

"चूक माझीही आहे," रंगारी म्हणाला. "तोंडाने प्रार्थना झाली, हाताने राहिली. पण आता नवा दोर आल्याशिवाय माझी पोर खाली उतरणार नाही. देवावर भरवसा आहे म्हणूनच नाही म्हणतोय."

त्याच संध्याकाळी चिमणीने सुरीने माझे तुकडे केले, पुन्हा कुणी मला वापरू नये म्हणून. दुखलं, पण बरं वाटलं. त्यातला हातभर तुकडा तिने घराच्या दाराजवळ खिळ्याला अडकवला.

मित्रांनो, भीती वाटली तर देवाला बाप म्हणून खुशाल हाक मारा. तो लेकराला घाबरवायला बसलेला नाही. पण आपला आळस त्याच्या नावावर खपवू नका, नाहीतर गाठ माझ्याशी आहे.

आता चिमणी कामाला निघताना मला तीन हिसके देते. मग उंबऱ्यात बसून नवा दोर उघड्या तळहातातून सरकवते. हाताला एक ओळ, आणि एकही हात सोडत नाही.