उंबरातली केंबरं

पहिली चूक वल्लरीचीच होती, आणि हे ती सगळ्यांच्या आधी स्वतःच कबूल करायची. गणपतीत तिला जयपूरच्या मानसरोवर भागातल्या सह्याद्री मित्रमंडळानं भाषणाला बोलावलं होतं. तिथल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी ही बाई मूळची कुरुंदवाडची, पण मंडळाच्या कार्यक्रमांना फिरकायची वर्षातून एखाद्या वेळी. "वल्लरीजी, तुम्ही म्हणजे अगदी उंबराचं फूल झालात," असा टोमणा मंडळाचे अध्यक्ष श्यामकांतकाका तिला भेटतील तेव्हा मारायचे. तेव्हा तिनं मनाशी ठरवलं, की यंदा यांना खरोखरचं उंबराचं फूलच दाखवायचं.

उंबर मंडळाच्या अंगणातच होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी श्यामकांतकाकांच्या बायकोनं, कुसुमकाकूंनी, नृसिंहवाडीहून डालड्याच्या डब्यात दोन पानांचं रोप आणलं होतं, सगळा रेल्वेप्रवास मांडीवर धरून. गल्लीतली माणसं त्याला गूलर म्हणायची. मंडळाची माणसं औदुंबर म्हणायची आणि पाराखाली चपला काढायची. दर गुरुवारी कुसुमकाकू त्याला एकवीस फेऱ्या घालायच्या.

वल्लरीनं त्या झाडाचं एक पिकलं फळ मधोमध चिरलं आणि भिंगाखाली धरून पडद्यावर दाखवलं. शेकडो बारीक फुलं, सगळी आतल्या अंगाला तोंड करून बसलेली. त्यांच्यामधून खसखशीएवढ्या काळ्या माश्या वळवळत होत्या. "ही केंबरं," ती म्हणाली. "आपल्याकडच्या म्हाताऱ्या हेच नाव घेतात. कोवळ्या फळाला बारीक तोंड असतं, त्यातून मादी आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. ती दुसऱ्या झाडाचे पराग या फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. तिच्या पोरी मोठ्या होतात, पराग घेऊन बाहेर पडतात आणि दुसरं झाड शोधतात. त्यांचं आयुष्य एक-दोन दिवसांचं. केंबरं नसतील तर फळ धरत नाही, कोवळं असतानाच गळतं. आणि उंबर नसेल तर केंबरांना जगात दुसरं घर नाही."

मुलांनी पुढं येऊन पडद्याला नाकं लावली. मोठ्यांपैकी दोन-तीन बायकांनी तोंडाला पदर लावला. "मी रोज सकाळी पारावर पडलेलं एक फळ प्रसाद म्हणून खातो," श्यामकांतकाका खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. सगळा हॉल हसला. ते तेवढे हसले नाहीत, आणि वल्लरीनं तिकडं लक्ष द्यायला हवं होतं.

मार्गशीर्ष लागला आणि मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला. 'दत्तजयंतीनिमित्त औदुंबर कीडमुक्ती सेवा. बुधवारी सकाळी सात वाजता. कृपया लहान मुलांना आणू नये.' पुढं हात जोडल्याची अकरा चित्रं होती. वल्लरीनं चहाचा कप ओट्यावर आदळला आणि स्कूटर काढली.

तिच्या जिवाची एवढी तगमग होण्याचं कारण असं. गेली सहा वर्षं दर रविवारी ती मानसरोवरापासून शहराच्या कडेच्या झालान्याच्या जंगलापर्यंत उंबराची नऊ झाडं हिंडत होती. मंडळाच्या झाडापाशी ती पहाटेच, माणसं यायच्या आत येऊन जायची. प्रत्येकावर फळं आहेत का, असली तर केवढी, सगळं ती लिहून ठेवायची. सगळे उंबर एकदम फळत नाहीत, आणि त्यावरच केंबरांचा संसार चालतो. एका झाडातून निघालेल्या केंबराला एक-दोन दिवसांत कोवळ्या फळांचं दुसरं झाड गाठावं लागतं. उन्हाळ्या-पावसाळ्यात ते जमून जातं. पण या थंडीत नऊपैकी सात झाडं रिकामी होती. मंडळाच्या झाडावरची केंबरं चार दिवसांत बाहेर पडणार होती. झालान्याच्या जंगलाच्या भिंतीलगतच्या झाडावर वाटाण्याएवढी फळं तोंड उघडून बसली होती. थंडीतून पलीकडं जायची केंबरांना तेवढीच एक वाट होती.

श्यामकांतकाका घरी एकटेच होते. कुसुमकाकू दत्ताच्या आसनासाठी छापाचं कापड आणायला दोन दिवसांसाठी बगरूला गेल्या होत्या, आणि ग्रुपवर त्या नव्हत्याच. वल्लरीनं दारातच सुरुवात केली.

"काका, फवारणी करू नका."

"अहो, पाचशे पानं उठणार त्या दिवशी. कुणाच्या भातात किडा पडला तर?"

"मग चार दिवस थांबा. केंबरं आपली आपण निघून जातील. जयंतीला अजून दोन आठवडे आहेत."

"फवारणीवाल्याला बुधवारच मोकळा आहे. मतलब, आता सगळं ठरलंय. आणि केंबरं केंबरं काय लावलंय? नाव गोड ठेवलं म्हणून किडा गोड होतो का?"

चिडायचं नाही असं ठरवून ती आली होती, आणि त्या ठरावाला आता भोकं पडायला लागली होती. "बरं, एवढं तरी करा. मला पन्नास फळं तोडू द्या. मी ती आजच झालान्याच्या झाडावर नेऊन टांगते. आतली केंबरं तिथं बाहेर पडतील."

श्यामकांतकाका खुर्चीतून उठलेच. "फळं तोडायची? औदुंबराची? मार्गशीर्षात? वल्लरीजी, तुम्ही वाडीच्या शेजारच्या ना हो? साक्षात दत्तमहाराजांचं स्थान ते, त्याला ओरबाडायची भाषा करता?"

"फळ तोडलं तर पाप, आणि विष मारलं तर सेवा?"

"विष नाही, औषध आहे ते."

"कुणाला कसला आजार झालाय म्हणून औषध?" आता तिचा आवाज जिन्यापर्यंत गेला होता. "झाड धडधाकट आहे, काका. आजार झाला असेल तर तो तुमच्या डोळ्यांना. भिंगातून दिसायच्या आधी वर्षानुवर्षं हीच फळं खात होता ना तुम्ही? पोट दुखलं का एकदा तरी?"

"चहा घेणार का?" श्यामकांतकाका म्हणाले. म्हणजे बोलणं संपलं होतं.

परतताना तिला कुसुमकाकूंना फोन करायचं सुचलं नाही. अध्यक्ष हे, निरोप यांचा, म्हणजे झाडही यांचंच, असं तिनंही धरूनच टाकलं. ही तिची दुसरी चूक, आणि ही पहिलीपेक्षा मोठी.

बुधवारी पहाटे सहालाच ती जाळीच्या पिशव्या घेऊन मंडळात पोचली. पाप लागायचं तर लागू दे, सातच्या आत पन्नास फळं काढायची, असं ठरवून. उंबराची फळं खोडाला आणि जाड फांद्यांनाच लगडतात, शिडीसुद्धा लागली नसती. फाटकाशी शेकोटीजवळ राखणदार चंदन बसला होता. तिला बघून तो उठला आणि उगाच मफलर नीट करायला लागला.

"मैडमजी, दवाई तो कल साँझ को ही डल गई," तो म्हणाला. "साहब ने फोन करके दवाईवाले को एक दिन पहले ही बुला लिया. बोले, सुबह मैडम झगड़ा करेंगी."

पार अजून ओला होता आणि अंगणभर औषधाचा उग्र दर्प होता. चहाची भुकटी सांडावी तशी फरशीवर केंबरं पडली होती. थोडी आदल्या दिवशीच बाहेर निघाली असावीत. वल्लरीनं एक फळ हातानं फोडलं. नरांनी आतून बाहेर जायची वाट कोरत आणली होती आणि त्या वाटेतच ते मरून पडले होते. त्यांच्यामागं परागानं भरलेल्या माद्या, तशाच. बाहेरची हवा दोन सुतांवर होती.

इतका संताप तिला आयुष्यात कधी आला नव्हता. माणसं रागानं मारतात, भुकेपोटी मारतात, ते एक वेळ कळतं. हे भक्तीनं मारलं होतं, आणि मारायच्या आधी चपला काढल्या होत्या. तिनं फळं तोडली, पन्नास मोजून. चंदननं न सांगता पिशवी धरली. ती झालान्याला गेली, पिशव्या तिथल्या झाडावर टांगल्या आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ जाऊन बघत राहिली. आतून काही म्हणजे काही बाहेर आलं नाही.

पहिल्या रविवारी झालान्याची कोवळी फळं अजून तोंड उघडून होती. दुसऱ्या रविवारी ती पिवळी पडून भिंतीच्या दोन्ही बाजूंना गळून पडलेली होती. खोडावर एक उरलं नव्हतं. त्याच भिंतीपलीकडच्या ढोलीत मार्चमध्ये धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेते, आणि महिना-दीड महिना नर या झाडाची फळं नेऊन तिला भरवतो. यंदा तो काय नेणार? पुढच्या पावसाळ्यात बाकीच्या सात झाडांवर फळं येतील, पण ती धरायला केंबरं कुठून येतील? लांबून कुठून तरी येतीलही, दोन वर्षांनी, पाच वर्षांनी. कुणी सांगावं? वल्लरीनं मूठभर गळकी फळं पर्समध्ये टाकली, घरी नेऊन तपासायला.

दत्तजयंतीला ती जाणारच नव्हती. पण कुसुमकाकूंचा फोन आला. "ये गं. यंदा झाडाला काय झालंय कोण जाणे, सगळी फळं सुरकुतून गेलीत. तुला विचारायचंय." तेव्हा ती गेली, आणि मागच्या रांगेत बसली.

जन्माचा पाळणा झाला. सुंठवडा वाटून झाला. मग श्यामकांतकाकांनी माइक हातात घेतला. "आज आपण बघताय, पार कसा आरशासारखा आहे. एक किडा दिसतोय का? याचं श्रेय माझं नाही. आपल्याच झाडात काय दडलंय हे ज्यांनी आपल्याला प्रथम दाखवलं, त्या डॉक्टर वल्लरीजींचं ते श्रेय आहे. मी त्यांना विनंती करतो, त्यांनी पुढं येऊन शाल-श्रीफळाचा स्वीकार करावा."

टाळ्या झाल्या. शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं. वल्लरी पुढं गेली ती कशी गेली हे तिला पुढं आठवत नव्हतं. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. नारळ तिनं टेबलावर ठेवला, कुसुमकाकूंना दाखवायला आणलेलं झालान्याचं एक फळ आणि चाकू पर्समधून काढला आणि सगळ्यांसमोर फळ चिरलं.

"बघा," ती माइकमध्ये म्हणाली. "आत एकही किडा नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. श्यामकांतकाकांनी मान डोलावली.

"हे या झाडाचं नाही," वल्लरी म्हणाली. आवाज कापत होता, तो तिनं कापू दिला. "हे झालान्याच्या झाडाचं आहे. त्याला तुम्ही बोटही लावलं नाहीत. या अंगणातून जी केंबरं निघणार होती, त्यांची ते वाट बघत होतं. ती तुम्ही मंगळवारी संध्याकाळी मारलीत. म्हणून त्याची सगळी फळं गळाली. थंडीत या भागात केंबरांची हीच एक जागा होती, आणि ती आता उरली नाही. चार दिवस थांबा म्हटलं होतं मी. चार दिवस! पन्नास फळं मागितली होती. ती पवित्र होती म्हणून मिळाली नाहीत. मला शाल कशाबद्दल घालताय? मी घर दाखवलं आणि तुम्ही घरातले सगळे संपवलेत. झालं माझं."

भाषण संपलं की टाळ्या वाजवायच्या, ही मंडळाची सवय. पहिल्या दोन रांगांनी सुरुवात केली, मागच्यांनी त्यांचं ऐकून री ओढली.

कुसुमकाकू पहिल्या रांगेत होत्या. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, टेबलापाशी आल्या. चिरलेल्या फळाचा अर्धा भाग त्यांनी तळहातावर घेतला आणि चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितलं. मग नवऱ्याकडं वळल्या.

"रोप मी आणलं," त्या म्हणाल्या. "लावलं मी, वाढवलं मी. मला विचारलं का कुणी?"

"अगं, आरतीची वेळ झालीय..."

मागच्या रांगांतून टाळ्या अजून चालूच होत्या. कुसुमकाकूंनी हात वर केला.

"टाळ्या थांबवा आधी. मयतात कुणी टाळ्या वाजवतं का?"

आरतीसाठी घंटा उचललेला माणूस ती तशीच हातात धरून उभा राहिला.