लहान भोकाची मोठी दाढ

रूट कॅनालसाठी दाताला जितकं लहान भोक, तितका दात मजबूत, यावर वाघोलीच्या दंत महाविद्यालयातल्या डॉ. हिंमतरावांची अढळ श्रद्धा होती. ते सिद्ध करायचं काम त्यांनी एमडीएसची विद्यार्थिनी मिसबा हिला प्रबंधासाठी दिलं. निष्कर्ष आधीच सांगून टाकला, तेवढीच तिची मेहनत वाचली.

मिसबाने रुग्णांच्या काढून टाकलेल्या दाढा जमवल्या, निम्म्यांना लहान भोक पाडलं, निम्म्यांना नेहमीचं, आणि यंत्रात दाबून सगळ्या फोडल्या. दोन्ही प्रकारच्या दाढा जवळपास सारख्याच दाबाला फुटल्या. किडीने कडेची भिंत गेलेल्या तेवढ्या, भोक कसंही असो, आधी फुटल्या. शिवाय लहान भोकातून आतली नस नीट साफच झाली नव्हती.

"यंत्र बिघडलं असेल," सर म्हणाले.

"तपासून घेतलं, सर."

"मग दाढाच कमकुवत. कुठून आणल्यास?"

"आपल्याच ओपीडीतून. तुम्हीच काढल्या होत्यात."

सरांनी सावकाश चष्मा पुसला. "'फरक नाही' असं उद्धटपणे लिहू नये. 'फरक अजून दिसायचा आहे' असं लिही."

"सर, दाढा फुटल्या. आता कधी दिसणार?"

मिसबाने 'फरक आढळला नाही' असंच लिहिलं. सर महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत, त्यामुळे तिचा प्रबंध वेळेत पूर्ण झाला.