सगळ्यात खालची पाटी

मी एक मेमेंटो. निमंत्रणपत्रिकेवर मला ‘सन्मानचिन्ह’ म्हणतात, पण पत्रिकेवर काय, सगळ्यांनाच बरं म्हणतात. खाली पॉलिश केलेला लाकडी ठोकळा आणि त्यावर पितळेची मशाल, असा माझा थाट. ही ज्ञानाची मशाल आहे, असं मला घडवणाऱ्या कारागिरानं विद्यापीठाला दिलेल्या पत्रात लिहिलं होतं. आजवर ज्यानं ज्यानं मला पाहिलं, त्याला मी आइस्क्रीमचा कोन वाटलो. मी वाद घालत नाही.

माझा जन्म विद्यापीठाच्या एका समारंभासाठी झाला. इथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या आणि पुढे शिक्षणात नाहीतर लोकसेवेत नाव काढलेल्या माजी विद्यार्थ्यांचा दरवर्षी गौरव होतो. भाषणं होतात. अध्यक्ष म्हणतात, “मी तुमचा जास्त वेळ घेणार नाही,” आणि घेतात. मग चकचकीत कागदात गुंडाळलेला मेमेंटो हातात देतात, फोटो निघतो आणि माझं काम संपतं. ज्याचा गौरव झाला त्याचं मात्र संपत नाही. त्याला अजून दोन ठिकाणी गौरव घ्यायला जायचं असतं.

आम्ही सगळे मेमेंटो भांडारात, म्हणजे स्टोअरमध्ये, राहायचो. तिथे एक भांडारपाल होते. त्यांना शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे ‘मामा’ म्हणत. डस्टर, खडू, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, तुटलेल्या खुर्च्या आणि विद्वानांचे सन्मान, हे सगळं मामांच्या ताब्यात असे, एकाच कपाटात. आमच्या ठोकळ्यावर नावाची पितळी पाटी चार स्क्रूंनी बसवायची, ती मामाच बसवत. सगळ्यांचं उरकून झालं की चष्मा कपाळावर सरकवत म्हणत, “झाले मोठे एकदाचे.”

माझ्यावर पहिली पाटी बसली ती एका शाळेतल्या बाईंची. नाव, पदवी आणि खाली ‘प्राथमिक शिक्षणातील कार्याबद्दल’. समारंभात त्यांचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. सूत्रसंचालकानं पुन्हा पुकारलं, जरा लाडिक आवाजात. तरीही नाही. मग तो म्हणाला, “टाळ्या तर होऊन जाऊ द्या!” टाळ्या झाल्या, आणि मी परत कपाटात आलो. मामांनी नोंदवहीत बाईंच्या नावासमोर लिहिलं, ‘देणे बाकी’.

दोन वर्षं मी तसाच उभा राहिलो. मग एका वर्षी समारंभाच्या दिवशी एक मेमेंटो कमी पडला. एका संचालकांचा सत्कार होता आणि पाटी तयार होती, पण ती लावायला ठोकळाच नव्हता. उपकुलसचिव साहेब स्टोअरच्या दारात नाचायला लागले. “मामा, काहीतरी करा! माझी लाज जाईल!”

“तुमची जाते तेव्हा माझ्या खात्यात नोंद करावी लागत नाही, हे एक बरं आहे,” मामा म्हणाले, आणि मला बाहेर काढलं.

आता शहाण्या माणसानं जुनी पाटी काढून नवी लावली असती. पण मामा विद्यापीठात मुरलेले. भांडारातली कुठलीही वस्तू काढून टाकायची तर निर्लेखन समितीची मंजुरी लागते, आणि ती समिती मामांनी अजून डोळ्यांनी पाहिली नव्हती. दुसरं म्हणजे, नोंदवहीप्रमाणे मी बाईंचा होतो. “त्यांची वस्तू आहे. ती काढणारा मी कोण?” असं पुटपुटत त्यांनी चार स्क्रू काढले, बाईंच्या पाटीवरच संचालकांची पाटी ठेवली आणि जरा लांब स्क्रू पिळले. “तात्पुरतं आहे हं,” असं त्यांनी मला बजावलं. सरकारी असो वा विद्यापीठाचं, तात्पुरतं काही संपलेलं मी पाहिलेलं नाही.

संचालकांनी राज्यभरच्या शाळांसाठी गुणवत्ता वाढवण्याची योजना आणली होती. मला त्यांनी विश्रांतीकक्षातल्या सोफ्यावर सोडलं. कागदसुद्धा फाडला नव्हता. संध्याकाळी झाडणाऱ्या मावशींनी मला मामांकडे आणून दिलं. “तुमचा आइस्क्रीमवाला आला परत.”

पुढे एका प्राचार्यांची पाटी माझ्यावर चढली. त्यांनी आयुष्यात अकरा महाविद्यालयं उघडली म्हणे, आणि त्यातल्या काहींत वर्गही भरत असत. त्यांना त्याच दिवशी दुसऱ्या एका संस्थेचाही मेमेंटो मिळाला होता. दोन्ही कागदात. त्यांनी दोन्ही हातांत धरून वजन केलं आणि जड होता तो नेला. मी परत. कागदोपत्री मी तोवर दोनदा देऊन झालो होतो. प्रत्यक्षात खडूंच्या खोक्याशेजारी उभा होतो.

आणि मग यंदा एक सचिव आले. नुकतेच निवृत्त झालेले, चाळीस वर्षांची लोकसेवा. आदल्या दिवशी मामांनी चौथी पाटी बसवली. इतके लांब स्क्रू शोधायला त्यांना सुताराकडे जावं लागलं. माझं पोट पुढे आलं होतं. मोठ्या पदावरच्या माणसाला शोभेल इतकं.

समारंभ अकराला. दहा वाजता स्टोअरच्या दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. पांढरा सदरा, खिशात तीन-चार बारीक हत्यारं, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीतलं एक पत्र.

“ते बक्षीस न्यायला आलोय,” ते म्हणाले.

“बक्षिसं वर हॉलमध्ये मिळतात. इथे खडू मिळतात.”

“वरच्यांनीच खाली पाठवलं. जुनं आहे म्हणाले.”

“कुणाचं आहे?”

“आमच्या मंडळींचं.”

“मग त्यांनाच यायला सांगा ना, काका. सही लागते.”

“ती गेली. मार्चमध्ये.”

मामांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “बसा,” म्हणाले. खुर्चीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, तो उचलून त्यांनी जमिनीवर ठेवला. मामांना असं करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. उत्तरपत्रिकांसाठी ते कुलगुरूंनाही उभं ठेवत.

म्हातारबुवा घड्याळं दुरुस्त करत. बाई त्यांच्या पत्नी. लग्नानंतर घरचं सगळं करून बाहेरून परीक्षा देऊन पदवीधर झालेल्या, मग एकतीस वर्षं एकाच शाळेत. त्यांचं सामान आवरताना हजेरीपटात हे पत्र सापडलं. घरी त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं.

“आल्या का नाहीत पण?” मामांनी विचारलं.

“कामाचा दिवस होता ना. रजा काढावी लागली असती.” त्यांनी पत्र उलटं केलं. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं भागाकार मांडलेले होते. “दुसऱ्या दिवशीची गणितं आहेत. ही बाजू तुम्ही ठेवून घेणार नाही ना?”

“नाही, नाही. पत्र तुमच्याकडेच ठेवा.” मामांनी नोंदवही उघडली. ‘देणे बाकी’ जागेवरच होतं. मी टेबलावर, मामांच्या कोपराशी. पोटावर सचिवांचं नाव लखलखत होतं. मामा माझ्याकडे बघेनात.

“शोधावं लागेल, काका. पुढच्या आठवड्यात चक्कर मारा.”

“मारतो. मला आता तेवढंच काम आहे.” ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. “म्हणजे कसं आहे, दारावरच्या पाटीवर माझं नाव. विजेचं बिल माझ्या नावावर, टपाल माझ्या नावावर. हे पत्र सोडलं तर आख्ख्या घरात तिचं नाव लिहिलेलं असं काही नाही हो. शाळेनं हजेरीपट परत मागितला, तो दिला. म्हणून म्हटलं, हे एक आहे तर न्यावं.”

टेबलावरचा फोन वाजला. मामांनी उचलला. पलीकडून उपकुलसचिव साहेबांचा आवाज मलाही ऐकू आला. “मामा, सचिवसाहेब आले! ट्रॉफी गुंडाळलीत का?”

“गुंडाळतोय,” मामा म्हणाले आणि फोन ठेवला. निवृत्तीला त्यांचे सात महिने राहिले होते. पस्तीस वर्षांत एक खडू इकडचा तिकडे झाला नव्हता. त्यांनी एकदा नोंदवहीकडे पाहिलं, एकदा दाराकडे.

“काका, इकडे या. एक सांगतो, रागावणार असाल तर रागवा. ते हेच.”

घड्याळवाल्यांनी वाकून वाचलं. “यावर दुसऱ्याचं नाव आहे.”

“तुमच्या बाई खाली आहेत.”

“खाली म्हणजे?”

“खाली म्हणजे, या तिघांच्या खाली.”

म्हातारबुवा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. ते एवढंच म्हणाले, “नोकरीतही तसंच होतं तिचं.”

मामांनी स्क्रूड्रायव्हर लावला. स्क्रूची खाच झिजलेली, धार नुसतीच सटकत होती. मामांच्या कपाळावर घाम आला. “द्या,” घड्याळवाले म्हणाले, आणि खिशातून स्वतःचं हत्यार काढलं. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळांसाठीचं. एका हातानं मला धरलं, दुसऱ्यानं अलगद दाब दिला. चारही स्क्रू असे बाहेर आले की मला गुदगुल्या झाल्या.

सचिव निघाले. प्राचार्य निघाले.

“यांनी काय केलं?” घड्याळवाल्यांनी संचालकांची पाटी हातात घेत विचारलं.

“मोठं काहीतरी असणार. पत्रिकेत लिहिलं होतं.”

आणि सगळ्यात खाली बाई. आठ वर्षांत हवा लागली नव्हती, त्यामुळे पितळ अगदी नवं. अक्षरं चांगली मोठी होती, लांबूनही वाचता आली असती. तरी घड्याळवाल्यांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं, आणि बराच वेळ ते काढलंच नाही.

मामा कपाटात काहीतरी शोधत राहिले. काय शोधत होते ते मला कळलं नाही. त्यांनाही बहुधा नाही.

नंतर त्यांनी जुने आखूड स्क्रू काढून बाईंची पाटी नीट बसवली. नोंदवहीत सही घेतली. ‘देणे बाकी’वर रेघ मारली आणि पुढे लिहिलं, ‘दिले’. राहिलेल्या तीन पाट्या घड्याळवाल्यांच्या पिशवीत टाकल्या. “पितळ चांगलं आहे, काका. तुमच्या कामी येईल.”

“आणि वर काय देणार तुम्ही?”

“ते माझ्यावर सोडा.”

त्यानंतरचं मला मामांनीच सांगितलं, घड्याळवाल्यांच्या घरी, चहा पिताना. मामांनी टेबलावरचं पंचिंग मशीन उचललं. कागदांना भोकं पाडायचं, जुनं, लोखंडी, चांगलं वजनदार. ते खोक्यात घातलं, चकचकीत कागदात गुंडाळलं, वर फीत बांधली. व्यासपीठावर सचिवांनी ते दोन्ही हातांनी स्वीकारलं. “हा सन्मान मी माझ्या देवघरात ठेवीन,” असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर गेटवर येऊन म्हणाला, “साहेबांच्या गाडीत तुमचं काहीतरी राहिलंय.” कागद तसाच, फीत तशीच. दुपारपर्यंत पंचिंग मशीन आपल्या जागेवर बसून भोकं पाडत होतं.

“आणि उघडलं असतं तर?” घड्याळवाल्यांनी विचारलं.

“तर माझी नोकरी गेली असती. पण काका, मला वाटलं असतं, चला, कुणीतरी उघडलं.”

दोघं हसले. बाई गेल्यापासून त्या घरात एवढा आवाज पहिल्यांदाच झाला असावा, कारण शेजारीण डोकावून गेली.

माझ्यावर बाईंची पाटी फार दिवस राहिली नाही. पहिल्याच रविवारी घड्याळवाल्यांनी ती काढली आणि बाहेरच्या दाराला लावली, स्वतःच्या नावाच्या वर. शेजारीण म्हणाली, “भाऊजी, आता कशाला?” ते म्हणाले, “टपालवाल्याला कळायला नको, घर कुणाचं आहे ते?”

मामा निवृत्त झाले, त्या दिवशी त्यांनाही मेमेंटो मिळाला. माझाच धाकटा भाऊ. मामांनी व्यासपीठावरच कागद टराटरा फाडला. असं करायचं असतं हे कुणाला माहीतच नव्हतं. आत ठोकळा होता, मशाल होती. पाटी नव्हती. पाट्या लावणारे मामाच ना!

ते तो मेमेंटो घेऊन इथे आले, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “बघा, काका. चाळीस-पन्नास जणांना मोठं केलं, आणि मी कोरा.” हसतच म्हणाले. पण चहा त्यांनी अर्धा ठेवला.

घड्याळवाले उठले. त्यांनी खणातून संचालकांची पाटी काढली. उलटी केली. पाठीमागची बाजू स्वच्छ होती. घड्याळांच्या पाठीवर नावं कोरण्याचा त्यांना सराव. तासाभरात मामांचं नाव कोरून झालं. खाली काय लिहू, असं विचारल्यावर मामा चष्मा पुसायला लागले. मग घड्याळवाल्यांनीच कोरलं: ‘सही घेऊन दिले.’

मामांनी ती पाटी वाचली. मग भिंग मागून घेतलं आणि पुन्हा वाचली.

माझ्यावर आता कुणाचंच नाव नाही. चार भोकं आहेत आणि पाटीएवढा लाकडाचा फिकट चौकोन. मी दाराजवळच्या फळीवर असतो. मशालीच्या ज्वाळेला घराची किल्ली अडकवलेली असते. आइस्क्रीमच्या कोनापेक्षा ही बढतीच म्हणायची. सकाळी दुकानात जाताना घड्याळवाले किल्ली काढतात, बाहेरून कुलूप लावतात, आणि मला आतून ऐकू येतं, “येतो गं.” मग पाटीवरून सदऱ्याची बाही फिरवल्याचा आवाज येतो. पितळ रोज पुसावं लागतं.

माझं एवढंच मागणं आहे. तुम्हीही शिकला असाल, काहीतरी केलं असेल, आणि उद्या तुम्हालाही माझ्यासारखा कुणीतरी मिळेल. मला देवघरात ठेवू नका. सोफ्यावर विसरलात तरी माझा राग नाही, मला सवय आहे. फक्त विसरण्याआधी कागद फाडा, आणि पाटीचे स्क्रू जरा लांब वाटले तर खाली कुणी आहे का ते बघा.

कुणी नसलं, तर निदान आत पंचिंग मशीन नाही याची तरी खात्री होईल.