बरणीचं तोंड

"आज येतील, उद्या येतील," असं करत पुरवठादाराने झाकणांसाठी महिनाभर झुलवलं. साथ काय आली, जहाजं बंदरात अडकली, झाकणांच्या कारखान्याला कुलूप लागलं, आणि आता तर तो फोनही उचलेना. दोघा भावांतला धाकटा पार वैतागून गेला होता. बरण्या छतापर्यंत रचलेल्या, कढईत शेवटच्या फळांचा जॅम रटरटतोय, आणि झाकायला काही नाही! ही खेप वाया गेली की आपला कारखाना बंद. कामाच्या बायकांना काय तोंड दाखवणार?

"समोर जा," बायको म्हणाली. "दादांकडे झाकणांचे खोके पडलेत. त्यांच्या बरण्याच आल्या नाहीत."

"त्याच्या दारात? मी?"

"मग काय, जॅम ओंजळीतून विकणार?"

समोर थोरल्या भावाचा जॅमचा कारखाना. वाटण्या झाल्यापासून बोलणं बंद. एकमेकांच्या फाटकासमोर गाड्या आडव्या लावायच्या, एवढाच काय तो संबंध. धाकटा मान खाली घालून रस्ता ओलांडून गेला.

थोरला बंद यंत्रापाशी स्टुलावर बसला होता, मास्क हनुवटीवर, डोळे खोल गेलेले. धाकट्याने कसंबसं झाकणांचं विचारलं. थोरल्याने हातातल्या झाकणाकडे जरा वेळ पाहिलं, मग खोकं उचललं. "चल," एवढंच म्हणाला. धाकट्याला भरून आलं. इतकं सोपं होतं, तर एवढी वर्षं कुठे शेण खात होतो आपण!

धाकट्याच्या कारखान्यात येऊन थोरल्याने बरणीवर झाकण ठेवून फिरवलं. ते नुसतं गरगर फिरलं. दुसरं लावलं, तेही तसंच. सगळीच सैल.

धाकट्याला एकदम आठवलं. वाटण्यांनंतर त्यानेच हट्टाने बरणीचं तोंड लहान करून घेतलं होतं. का, तर थोरल्याचं झाकण आपल्या बरणीला कधी लागू नये! केवढा तोरा होता तेव्हा. आणि आज साफ विसरून गेला होता.

"दादा, हे मीच..."

"माहीत आहे. तेव्हाच कळलं होतं मला."

"मग आलास कशाला?"

थोरल्याने सैल झाकण काढून परत खोक्यात ठेवलं. "इतक्या वर्षांनी काहीतरी मागायला आलास. नाही कसं म्हणू रे?"

धाकट्याला रडू आवरेना. बायकोने कढईखालचा गॅस बंद केला. कामाच्या बायका एकेक करून हातमोजे काढू लागल्या.