फळ्यांच्या मधला माणूस

मिरजगावात रस्त्याला लागूनच गहिनीनाथचं वेल्डिंगचं दुकान. वीस वर्षं उसाच्या ट्रॉल्या जोडून हात इतका बसलेला, की टेप न लावताही त्याचं माप चुकत नसे. त्या दिवशी मात्र सकाळपासून टेप पाच वेळा लावून झाला, चहा दोनदा गार झाला, तरी गड्याचं मन काही ठिकाणावर येईना.

समोर होडीचा ट्रेलर उभा होता. त्यानंच बहिणीसाठी बनवलेला. विजयमाला आणि तिचा नवरा कल्याण भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्यात लोकांना होडीतून पक्षी दाखवायचे. काठाला बांधून ठेवली तर वाऱ्यानं होडी दगडांवर आपटायची. म्हणून रोज संध्याकाळी ट्रेलर पाण्यात उतरवायचा, होडी त्यावर चढवायची आणि ट्रॅक्टरनं वर ओढायची.

ट्रेलर बनवताना गहिनीनाथनं बाजूला काहीच लावलं नव्हतं. सुचलंच नाही हो. उसाची ट्रॉली मागं घेताना एक माणूस मागं उभा राहून 'येऊ द्या, येऊ द्या' करतोच. तसा इथंही होडी सरळ धरायला कुणीतरी पाण्यात उभा राहील, असं तो धरून चालला. तो कुणीतरी म्हणजे कल्याण. दिवाळीनंतर एका संध्याकाळी होडी वाऱ्यानं आडवी आली आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं होडी अन् लोखंडाच्या मधे सापडून गेली. गहिनीनाथला कुणी एका शब्दानं बोललं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला रोज वाटायचं.

आता विजयमालानं पुण्याहून बाजूच्या फळ्या मागवल्या होत्या. दोन फळ्यांच्या मधून होडी आली की ती सरळच बसणार, पाण्यात माणूस नको. पण सोबतचे ब्रॅकेट दोन इंची पाइपाला बसणारे, आणि ट्रेलरच्या सांगाड्याचं लोखंडी चॅनल चार इंची.

"दादा, वेल्डिंगच मारून टाका की," कल्याण म्हणाला.

"न्हाई दाजी. होडी खाली अरुंद, वर रुंद. पान्यात किती उचलती ते तितंच कळंल. फळी सरकवता आली पायजे."

त्यानं जाड पट्ट्या कापल्या, त्यांना लांबट भोकं पाडली, सळई वाकवून चॅनलला मिठी मारतील असे मोठे बोल्ट केले आणि ब्रॅकेट त्या पट्ट्यांवर चढवले. काम चोख झालं. पण जन्मभर वेल्डिंगवर भरवसा ठेवलेला माणूस, नटावर त्याचा जीव बसेना. डबल नट लावले, तरी काठावर पोचेपर्यंत तीनदा ट्रॅक्टर थांबवून त्यानं पाना फिरवला.

ऊन कलायला लागलं होतं. ट्रेलर पाण्यात उतरवून ट्रॅक्टरच्या चाकामागं दगड लावले. विजयमाला होडी घेऊन आली. होडी मधे शिरेना; फळ्या दोन बोटं जास्तच आत होत्या. गहिनीनाथनं गुडघाभर पाण्यात शिरून त्या बाहेर सरकवल्या आणि नट आवळले. विजयमाला होडी वळवून पुन्हा आणायला मागं गेली. कल्याणनं सवयीनं विजार वर सारली.

"तुमी काठावर ऱ्हावा. मी थांबतो," म्हणत गहिनीनाथ दोन फळ्यांच्या मधे जाऊन उभा राहिला.

विजयमालानं लांबूनच इंजिन बंद केलं.

"दादा, भाईर नीघ."

"पयल्यांदा हाय, म्हणून फकस्त..."

"मधी मानूस लागत आसंल तर फळ्या काढून ने घरी. मी होडी आनत न्हाई."

बरोबरच होतं तिचं. तो बाहेर आला आणि कल्याणशेजारी उभा राहिला.

होडी आली. वाऱ्यानं तिरकी झाली, डाव्या फळीवर धाडकन आदळली. फळी थरथरली, ब्रॅकेट करकरला. मग होडीचं नाक आपसूक वळलं, ती दोन्ही फळ्यांच्या मधून सरळ आत सरकली आणि ट्रेलरवर बसली. पाण्यात कुणीच नव्हतं.

"दादा," कल्याण हळूच म्हणाला, "शर्ट सोडा. फाटंल."

गहिनीनाथनं खाली पाहिलं. कल्याणच्या शर्टाची मागची बाजू त्याच्या दोन्ही मुठींत गच्च धरलेली होती. विजयमालानं उतरून ट्रॅक्टरनं होडी पाण्याबाहेर पूर्ण वर ओढेपर्यंत त्यानं मुठी सोडल्या नाहीत.