चोवीस मात्रा

मित्रांनो, ड्रमसेटमधला सगळ्यात मोठा ड्रम पायाने वाजतो, आणि तो पाय आधी माझ्यावर पडतो. मी बेस ड्रमचा एक जुना पेडल आहे. लोखंडाची पट्टी, एक स्प्रिंग आणि दांडीच्या टोकाला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा गोळा, एवढंच माझं शरीर. गेल्या एप्रिलपासून ते सुन्न पडलं आहे.

माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यात झाला. दारव्ह्याच्या डोमाजींनी मला त्यांच्या भीमगीतांच्या पार्टीसाठी आणलं. आम्ही पार झरी जामणीपर्यंत कार्यक्रम केले. पट्टीला दांडीशी जोडणारी साखळी तुटली तेव्हा गॅरेजवाल्या नौशादभाईंनी मला सायकलची साखळी बसवली. 'डोमाजींचा पाय म्हणजे मशीन!' असं लोक म्हणायचे. मशीन मी होतो, पण मला कधी वाईट वाटलं नाही.

पुढे डोमाजींचा गुडघा दुखू लागला. बोरी अरबच्या भीमजयंतीला ड्रमवर आपली लेक प्रियंका बसणार, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. प्रियंकाचे हात छान चालत, पाय मात्र पळायचा. वेग वाढला की ठोके एकमेकांवर चढायचे.

डोमाजी कूलर बंद करून मोबाइलवर टिकटिक लावत. आधी टाच टेकवून अगदी संथ. मग टाच उचलून. मग एकाच दाबात दोन ठोके. दोन्ही सारखे उमटले तरच टिकटिक थोडी वाढायची.

"पायाले कायची घाई हाये, पोरी? गोळा वापस येऊ दे, मंग दुसरा टाक."

"बाबा, तुमी मास्तर कमी अन् जेलर जास्त हाय."

"जेलरच हावो मी. तुह्या पायाले सजा झाली हाये."

आतून प्रियंकाची आई मथुराबाई ओरडायच्या, "बापलेक जेवता, का ड्रमच खाता?"

सगळ्यात कठीण धड्याला डोमाजी 'दम' म्हणत. स्वतः भरधाव वाजवता वाजवता ते एकदम गोळा कातड्यावर दाबून धरायचे. प्रियंकाने शेजारी बसून, डोळे मिटून, मनात मात्रा मोजायच्या. कधी आठ, कधी बत्तीस. मध्ये बोललं की पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी पाय सोडला की तिने अचूक सम सांगायची. थांबता आलं की वेग आपोआप येतो, असं ते म्हणत. खरंच तिचा पाय ताब्यात येऊ लागला होता.

कार्यक्रमाला पाच दिवस उरले होते. दुपारची वेळ. "पाहा, आता मी दाखवतो," म्हणून डोमाजी बसले. कित्येक महिन्यांत पाय असा धावला नव्हता. आणि मग तो दाबला गेला.

प्रियंकाने डोळे मिटले. आठ झाल्या. सोळा झाल्या. चोविसाव्या मात्रेला तिला हसू आवरेना. "बाबा, आज लई दम हाये तुमच्यात!"

डोमाजींच्या हातातली ड्रमची काठी फरशीवर पडली.

आठवड्याने नौशादभाई भेटायला आले. प्रियंका त्यांना म्हणाली, "चोवीस मात्रा मी मोजत बसली, चाचा."

"बेटा, डॉक्टर बोलले ना, एका झटक्यात गेले."

"डॉक्टर नोव्हता तिथं. मी होती."

भीमजयंतीला बोरी अरबला दुसराच कोणी वाजवायला गेला. मला टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवलं. वर्ष होत आलं. स्प्रिंगवर गंज चढतो आहे, पण त्याचं दुःख नाही. प्रियंका ड्रमला हात लावत नाही. कधी कधी खाली खोलीत ती बोटांनी गुडघ्यावर काहीतरी मोजते, चोवीसवर थांबते, आणि पुन्हा एकपासून सुरू करते.

मित्रांनो, मला एक गोष्ट ठाऊक आहे. दाबून धरलेला जिवंत पाय कधीच पूर्ण स्थिर नसतो. पोटरी बारीक थरथरते, अंगठा कळत नकळत हलतो, आणि ते सगळं माझ्या स्प्रिंगपर्यंत पोचतं. त्या दुपारी पहिल्या मात्रेलाच माझ्यावर नुसतं ओझं होतं. कोणी दम धरला नव्हता. तिने हाक मारावी म्हणून वाट पाहणारं तिथे कोणी उरलंच नव्हतं.

मला हे बोलता येत नाही. तुम्हांला येतं. तुमच्या घरात कोणी असं मनातल्या मनात मोजत बसलं असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा, त्याला एकट्याने मोजू देऊ नका. आणि कधी दारव्ह्याला गेलात, तर प्रियंकाला माझा एवढा निरोप द्या: तू मोजायला लागलीस, त्याआधीच ते गेले होते.