डब्याच्या फॉइलची खोळ

मी एक खोळ आहे. उशीची नव्हे, बँकेच्या कार्डाची. बाहेरून शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा, आतून डबा गुंडाळायच्या फॉइलचे दोन पदर. माझं घराणं एवढंच.

मला घडवलं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. त्याने कुठंतरी वाचलं, की नुसतं टेकवून चालणारी ही नवी कार्डं चोराला हात न लावताही वाचता येतात. आपलं यंत्र त्याने पिशवीजवळ आणलं की झालं. मधे धातू असला तर मात्र यंत्र बहिरं होतं. त्या दिवसापासून घरातल्या फॉइलवर त्याचा हक्क सुरू झाला.

बायको शिवणकाम करायची. ती म्हणाली, "अहो, माझ्या पिशवीत हात घालणाऱ्याला आधी सुई टोचेल."

"तो हात घालतच नाही. तीच तर भानगड आहे."

"हातही न हलवता चोरी? मग तुमच्याच जातकुळीतला आळशी दिसतोय."

वाण्याच्या दुकानात कार्ड माझ्यात ठेवूनच यंत्राला टेकवलं; त्या पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. मी बोटभर आखूड होते आणि कार्ड बाहेर डोकावत होतं. वाण्याचं यंत्र वाजलं आणि गरज नसलेला साबण घरी आला. घरी नवऱ्याने मला नव्याने, जरा लांब कापलं. दुसऱ्या खेपेला यंत्र गप्प. वाणी म्हणाला, "काकू, चालत नाहीये." यावर खूश झालेलं गिऱ्हाईक त्याने प्रथमच पाहिलं असावं. शेजारी उभा नवरा म्हणाला, "नाही ना चालत? पुन्हा लावून बघा बरं." मागची रांग काय म्हणाली ते सांगत नाही.

पण बायको पुढेही दर वेळी कार्ड माझ्यासकट टेकवायची आणि ओशाळायची. मग त्याने घड्याळाच्या तबकडीवर शोभतील अशा बारीक अक्षरांत माझ्यावर लिहिलं: 'आधी बाहेर काढ. मग टेकव. घाई नको.'

एका सकाळी तो उठला नाही. मला त्यातलं फारसं माहीत नाही, मी पिशवीत होते. पिशवी बरेच दिवस खुंटीवरून हलली नाही.

परवा लेकीने नवी पर्स आणली. म्हणाली, "आई, हिच्या अस्तरातच ती सोय आहे. ही खोळ टाक आता, कोपरा फाटलाय." आईने ऐकलं. कार्ड पर्समध्ये गेलं, मी टेबलावर. कचऱ्याचा डबा हातभर अंतरावर होता. मी अंतर मोजत नव्हते, दिसत होतं.

मग तिने खणातून त्याचं कार्ड काढलं. बँकेने बंद करून कोपरा कापून परत दिलेलं. ते तिने माझ्यात सरकवलं.

"आई, ते बंद आहे. त्यातून चोराला काय मिळणार?"

"काही नाही," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवून माझा फाटका कोपरा शिवायला बसली. पुठ्ठ्याला टाका घालणं सोपं नसतं. घाई केली नाही तर जमतं.

आता मी शिवणयंत्राच्या खणात असते, दोऱ्यांच्या रिळांशेजारी. कार्ड वाचायचं यंत्र घेऊन कुणी जवळून जाणार असाल तर तसदी घेऊ नका. आतलं काही ऐकू येणार नाही. जे आहे ते बाहेर लिहिलंय. तेवढं वाचा, आणि खण हळू लावा.